पिंपातली ब्रिटिश बिटर ‘कोमट आणि बेचव’ नसते

ब्रिटनला जाऊन आलेल्या अनेकांकडून एक मत वर्षानुवर्षे पुढे पाठवले जात आहे. पबमध्ये हातपंपाने ओढून मिळणारी बिटर, म्हणजे तिथली पारंपरिक कडसर बिअर, कोमट असते, तिच्यातला वायू उडून गेलेला असतो, ती पाणचट असते आणि चवीला नुसती कडू लागते. शीतकरणाची सोय नव्हती त्या काळातली गैरसोय इंग्रजांनी परंपरा म्हणून जपली आहे, असे हे मत सांगते. यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहण्याजोगा आहे, आणि तपासल्यावर त्यातला एकही जसाच्या तसा टिकत नाही.

प्रथम तापमान. चांगल्या पबच्या तळघरात ही बिअर 11 ते 13 अंश सेल्सियसला ठेवलेली असते. उन्हाळ्यात आपल्या माठातले पाणी याहून बरेच उबदार असते, तरी त्याला आपण गारच म्हणतो. शीतकरणाच्या अभावाचा तर्क तर त्याच काउंटरवर कोलमडतो, कारण शेजारच्याच नळातून 3 ते 5 अंशांची लागर, म्हणजे थंडगार प्यायची फेसाळ बिअर, मिळत असते आणि तळघराचे तापमान राखायलाही यंत्रेच लावलेली असतात. अति थंडपणात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा) गंध दबतो, बिअर गढूळ दिसू लागते; उलट तापमान फार वाढले तर ती लवकर बिघडते. म्हणून हे तापमान जाणीवपूर्वक राखलेले असते.

वायू उडून गेल्याचा आक्षेप सर्वाधिक पसरलेला आहे आणि माझ्या मते तोच सर्वाधिक अन्यायकारक आहे, कारण या बिअरचे सारे कौशल्य नेमके तिथेच असते. ब्रुअरीतून निघालेल्या पिंपात जिवंत यीस्ट असते आणि बिअरचे शेवटचे आंबवणे पबच्या तळघरात पूर्ण होते. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या वरच्या छिद्रात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवतो, जास्तीचा वायू तिच्यातून निघून जाऊ देतो, आणि बिअर शांत झाली की घट्ट लाकडाची खुंटी ठोकून उरलेला वायू आत राखतो. ही वेळ साधणे पूर्णपणे त्याच्या अनुभवावर अवलंबून असते. यीस्ट तळाशी बसावे म्हणून परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. घोळ माशाचे ‘बोत’ म्हणून आपल्या कोळीवाड्यांत जो अवयव ओळखला जातो, तोच हा अवयव. शाकाहारी वाचकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे, आणि आता काही ब्रुअरी त्याशिवायही बिअर देतात हेही. अशा बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण सव्वापटीपर्यंत कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तर लागरमध्ये तो अडीचपटीच्या आसपास असतो. म्हणजे वायू असतो, परंतु जिभेला टोचत नाही, आणि म्हणूनच मागची चव कळते.

पाणचटपणाचा आरोप मद्यांशाच्या आकड्यावरून होतो. रोजच्या बिटरमध्ये साधारण 3.4 ते 4.2 टक्के मद्यांश असतो. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि वाढते कर यांमुळे ब्रिटिश बिअर बरीच सौम्य झाली आणि पुढे ती पूर्वीच्या ताकदीला परतली नाही, हे खरे आहे. कराचा दर कमी पडावा म्हणून अलीकडे काहींनी मद्यांश 3.4 टक्क्यांवर आणला, हेही खरे आहे आणि मला ते फारसे रुचलेले नाही. तरीही मद्यांश म्हणजे चव नव्हे. 3.7 टक्क्यांच्या 568 मिलिलिटर पाइंटमध्ये सुमारे 21 मिलिलिटर अल्कोहोल असते. आपल्याकडच्या 8 टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बाटलीत 52, म्हणजे जवळजवळ अडीच पाइंटांइतके. संध्याकाळभर गप्पा चालाव्यात आणि डोके ठिकाणावर राहावे, यासाठीच ही बिअर घडवलेली आहे. इतक्या कमी मद्यांशात पूर्ण चव आणणे ब्रुअरसाठी अवघड असते, कारण दोष झाकायला तिथे काहीच नसते.

‘नुसती कडू’ हे विधान एका घोटावर बेतलेले असते. ससेक्समधल्या लूइस गावच्या हार्वेजची 4 टक्क्यांची ससेक्स बेस्ट घ्या. तिचे यीस्ट 1957 साली यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरहून आले आणि पुढच्या असंख्य पिढ्यांतून तेच वापरात राहिले आहे. आधी भाजलेल्या बिस्किटासारखा माल्टचा गोडवा जाणवतो, मग यीस्टची फळासारखी झाक आणि इंग्लिश हॉप्सचा मातकट, किंचित मसालेदार गंध येतो; कडूपणा शेवटी येऊन तोंड कोरडे करतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. अर्धा पाइंट संपेपर्यंत ती थोडी उबदार होते आणि गंध अधिक मोकळा होतो. पहिल्याच घोटाला निकाल देणाऱ्याच्या वाट्याला यातले निम्मेही येत नाही.

मग इतक्या लोकांना वाईट पाइंट का मिळतो? पिंप उघडल्यावर आत हवा शिरते आणि बिअर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. खप कमी असलेल्या पबमध्ये ती चौथ्या-पाचव्या दिवशीही विकली जाते. तेव्हा ती खरोखरच मरगळलेली आणि आंबट असते. हा दोष साठवणुकीचा आहे, आणि 1971 साली स्थापन झालेली ‘काम्रा’ ही ग्राहकांची चळवळ अशा बिअरच्या बाजूने उभी असतानाच तिच्या निगेबद्दलही आग्रही राहिली आहे. म्हणून गर्दीच्या पबमध्ये ज्या पंपावरून सर्वाधिक ओढली जाते तीच बिटर मागावी, आधी चाखायला थोडी मागावी, आणि पाइंटला व्हिनेगरचा वास आला तर तो बदलून मागावा. चांगल्या पबमध्ये तो वाद न घालता बदलून मिळतो.