ड्रायर गार पडतो, आणि म्हणे हवा दमट आहे!

कोकणातली हवा दमट असते, हे मला सांगायला ड्रायरचा मेकॅनिक आंबा घाट उतरून कोल्हापूरहून आला. अहो, रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवा दमट आहे म्हणूनच तर कपडे वाळवायला गॅसवरचा ड्रायर घेतला ना! हवा कोरडी असती तर अंगणात दोरी बांधून मोकळी झाले असते.

आमचा होमस्टे गणपतीपुळ्याजवळ. पावसातही देवळाला येणारी माणसं थांबत नाहीत, आणि खोली रिकामी झाली की चादरी, अभ्रे, टॉवेल यांचा ढीग पडतो. पडवीत टांगून, पंखे लावून ते वाळतात खरे, पण कुबट वास जात नाही. विजेवरचा मोठा ड्रायर घ्यायचा तर लोड वाढवून घ्या, आणि वादळी वाऱ्यात लाइट गेली की बसा. गॅसवरच्याला मोटर आणि ब्लोअर चालण्यापुरती वीज लागते, ती इन्व्हर्टरवरही भागते. हिशेब चोख होता.

आता हा दिडशहाणा करतो काय, तर सुरुवातीला झकास गरम होतो. हात घातला तर चटका. मग गार. ड्रम गरगर फिरतोय, पंखा घोंघावतोय, आणि आत थंड हवेत टॉवेल गोल गोल फिरतायत. बंद करून जरा वेळाने सुरू केला की पुन्हा गरम. म्हणजे मेलेला नाही, नखरे करतोय.

मेकॅनिकचं पहिलं निदान दमट हवा. दुसरं, व्होल्टेज. आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होतं हे खरंय, पण स्टॅबिलायझरचा काटा समोर २३० दाखवत होता, तो बघायची तसदी कोण घेणार? तिसरं, "सिलिंडरात पाणी असेल, ताई." त्याच १९ किलोच्या सिलिंडरवरच्या शेगडीची ज्योत निळीशार जळत होती. मग म्हणाला, गॅस पेटवणारा इग्नायटर बदलू. बदलला. पैसे घेतले. ड्रायर पहिल्यासारखाच.

इग्नायटर गेला असता तर पेटलाच नसता ना? फार तापलं की उडणारा थर्मल फ्यूज गेला असता तर अजिबात गरम झाला नसता. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. बाहेर जाणारा पाइप तुंबला असता तर आत गरम हवा कोंडली असती, आणि जास्त तापलं की ज्योत बंद करणाऱ्या लिमिटच्या थर्मोस्टॅटनं वीज तोडली असती. पाइप मी आधीच सोडवून झाडून घेतला होता. त्याच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं, ते काढलं, सुताचा भुगा काढला. हवा खणखणीत येतेय. तरी गार.

शेवटी मीच खालचं झाकण काढून बर्नरसमोर बसले. सुरू केला. इग्नायटर लालभडक झाला, टक् आवाज, भक्कन निळी ज्योत. छान. ड्रम ठरल्याइतका तापल्यावर ज्योत बंद झाली, तेही बरोबर, थर्मोस्टॅटचं कामच ते. जरा निवल्यावर इग्नायटर पुन्हा लाल झाला. विझला. पण टक् नाही, गॅस नाही. पुन्हा लाल, पुन्हा विझला. पुन्हा लाल. हाच खेळ चालू.

सगळं उत्तर इथेच आहे. बर्नरशेजारच्या छोट्या सेन्सरला इग्नायटरची धग लागली की तो इग्नायटरची वीज तोडतो, आणि त्याच क्षणी गॅसच्या व्हॉल्व्हवरच्या कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडतात. इग्नायटर विझतोय म्हणजे सेन्सर त्याचं काम करतोय. सेन्सर अडकला असता तर इग्नायटर लालच राहिला असता. मग उरलं कोण? कॉइल! त्यांच्या आतली तार केसाएवढी बारीक. जुनी झाली की तापल्यावर आतल्या आत तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून थंड असताना मीटर लावला तर ओहम, म्हणजे तारेचा रोध, अगदी बरोबर. मेकॅनिकनं सकाळी आल्या आल्या मीटर लावला आणि "कॉइल ओके" म्हणून पुढे गेला. गरम असताना लाव की, बाबा! चहा पिऊन होईपर्यंत थांब, ज्योत जाऊ दे, मग लाव. पण थांबायचं कुणाला? पुढचा कॉल पावस गावात होता.

आणि कहर म्हणजे, जाता जाता म्हणतो, "थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देऊ का? मग ज्योत बंदच होणार नाही." आत सुताचा भुगा, खाली उघडी ज्योत, वर पाहुणे झोपलेले, आणि तापमान बघणारा पहारेकरी काढून टाकू म्हणतोय! हात जोडले आणि घालवला. हे "डायरेक्ट करून देतो" म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. फ्रीजचा थर्मोस्टॅट डायरेक्ट, पंपाचा स्टार्टर डायरेक्ट. एक दिवस घर डायरेक्ट पेटेल.

मग डीलरला फोन लावला. कॉइल सुट्या मिळत नाहीत म्हणे, अख्खा व्हॉल्व्ह घ्या. बरं, घेते. तर स्टॉक नाही, "गणपती झाल्यावर बघू." गणपती झाल्यावर? चाकरमानी गाड्या भरभरून येणार, खोल्या कधीच्या बुक झाल्यात, आणि मी चादरी काय इस्त्रीनं वाळवू? विकताना हाच माणूस म्हणत होता की स्पेअर पार्ट बारा महिने मिळतील.

नवऱ्याचं म्हणणं, त्याच मेकॅनिकला अजून एकदा बोलावू, दुसरा आहे कुठे इथे? बोलाव. पण या खेपेला तो बर्नरसमोर पाटावर बसेल, आणि दुसऱ्यांदा ज्योत पेटत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मी त्याला उठू देणार नाही. चहासुद्धा तिथेच आणून देईन.