२०११ च्या आधीही वर्ग भरत होता

‘मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची सुरुवात २०११ साली स्टॅनफर्डने केली’ हे तुमच्या ऑनलाइन शिक्षणावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्येच असा वर्ग सगळ्यांना खुला केला होता. फी भरणारे पंचवीसेक, फुकट शिकणारे दोन हजारांवर. ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला प्रचंड मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नावही तेव्हाचंच. पण गाजावाजा झाला तो स्टॅनफर्डचा, दीड लाखावर नावं नोंदली गेली तेव्हा.

आमच्या इंदूरला वेगळं काय आहे? भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांचे फलक बघा, विषय बारीक अक्षरात आणि ‘आयआयटीयन’ हे ठळक. माझा एक सहकारी मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून व्हिडिओ करतो, फ्लुइड मेकॅनिक्स हिंदीतून शिकवतो. पंपाचा हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, समजावताना थेट नर्मदाकाठच्या जलूदच्या पंपिंग स्टेशनला जातो, नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला काय लागतं ते मांडतो. पोरं अडली की त्यालाच गाठतात. तरी आमच्याच विभागाने वाटलेल्या यादीत त्याचा एक व्हिडिओ नाही, सगळं एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन व्याख्यानं! ती व्याख्यानं उत्तमच आहेत हो, पण हिंदी माध्यमातून आलेल्या पोराच्या ती डोक्यावरून जातात, याचा लेखात उल्लेखही नाही.