गाड्या मावतील हो, पण आत शिरणार कुठून?
पुण्यात सिंहगड रस्त्यालगत नवं मोठं दुकान होणार असल्याच्या बातमीत कंपनीचं म्हणणं आलंय की तळघरात पुरेसं पार्किंग असल्यामुळे कोंडी होणार नाही. पार्किंगची जागा मोजून रस्त्याचा हिशोब लागत नाही. रविवारी संध्याकाळी रांग लागते ती उताराच्या तोंडाशी, तिकीट घेताना, आणि तिचं शेपूट रस्त्यावर येतं. शिवाय बाहेर पडणाऱ्या पिशवीवाल्यांसाठी दारातच थांबलेल्या रिक्षा. प्रवेश मुख्य रस्त्यावरून की आतल्या गल्लीतून, हे नकाशात आधी दाखवा.

आवाजाबद्दल तर बातमीत एकच ओळ आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. पण ती सरासरी असते! पहाटे तीनला मालाचा ट्रक मागे घेताना पीं-पीं वाजला, क्रेट आदळले, तरी सरासरीत ते सहज विरघळून जातं. झोप मात्र मोडायची ती मोडतेच. गच्चीवरचे एसीचे पंखे आणि जनरेटर वेगळेच.

दुकान नकोच, असं मी म्हणत नाही. उघडलं की विरोध करणारे आम्हीच तिथे तांदूळ घ्यायला जाणार, हे काय लपून आहे? पण रात्री दहा ते सहा माल उतरवणार नाही, ही अट परवानगीतच लेखी घाला. तोंडी आश्वासन घेऊन पुढे भांडायचं कुणाशी, वॉचमनशी?