उद्या सकाळी नक्की

नाशिकच्या इंदिरानगरातील आमच्या न्हाणीघराची फरशी उखडून आज २१ दिवस झाले आणि गवंडीदादांचे ‘उद्या सकाळी नक्की’ आमच्या अकरा महिन्यांच्या लेकीलाही एव्हाना पाठ झाले असावे. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून निदान २४ तास गळती पाहावी लागते, प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, हे सारे मला मान्य आहे. परंतु ते पाणीही सकाळ-संध्याकाळ मीच मारले असेल, तर उरलेल्या दिवसांचा हिशेब कोणी द्यायचा? गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, हे परवाचे कारण होते. (गोदावरी आमच्या न्हाणीघरातून वाहत नाही, हे सांगायचे मी टाळले).

काल लेकीने सिमेंटच्या गोणीचा आधार सोडून आयुष्यातली पहिली चार पावले टाकली आणि त्यांचे करडे ठसे थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत उमटले. आनंदाच्या भरात मी ही बातमी गवंडीदादांनाही फोनवर सांगून टाकली.

“अरे वा! मग पेढे काढून ठेवा साहेब, उद्या सकाळी नक्की येतो.”