म्हणे, एकूणएक रझाकार होते

आत्येबहिणीचं लग्न. तीस वर्षं ज्या मन्यार चाचांनी आत्याच्या हातात बांगड्या भरल्या, त्यांना चुडा भरायला बोलावलंच नाही. का, म्हणून विचारलं तर आत्यानं मोबाईल पुढं केला. मुसलमानांबद्दलचा मेसेज होता. ‘१७ सप्टेंबर विसरू नका. यांच्यातला एकूणएक रझाकार होता. आजही मनातून आपला द्वेषच करतात. दहा वर्षांत यांची संख्या आपल्याहून जास्त होणार. यांच्याकडून सुईसुद्धा घेऊ नका.’ रझाकार म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात जाऊ नये म्हणून लढणाऱ्या, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या; १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला.

संख्येचं आधी उरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ ला मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.३६. हिंदूंत आता १.९४. फरक आहे, पण आटत चाललाय. दहा वर्षांचा हिशेब कुठल्या पाटीवर मांडला, देव जाणे.

रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे कबूल. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या लातुरात वकिली करायचा, तेही खरं. पण एकूणएक? भारतात सामील व्हा असं छापणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबउल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारला गेला, तो रझाकारांच्याच हातून. त्याला कुठल्या यादीत घालता?

आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतल्यावर काय झालं, ते मेसेजात नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, बहुतेक मुसलमानांच्या. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड. आमच्या शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन व्हायचं, हा आकडा एकदाही कानावर आला नाही. तो मला दाखवला एका मुस्लिम मित्रानं, त्याच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजात. खाली लिहिलेलं, ‘हे पुन्हा होणार, हिंदूंवर भरवसा ठेवू नका.’ साल तेच, भीती तीच, नुसती बाजू पालटलेली! अहवालातला पुढचा भाग मात्र दोघांनीही गाळला. कितीतरी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, काहींनी जीव गमावून. मुस्लिम विणकरांसाठी हिंदू विणकर आडवे उभे राहिले. पळवून नेलेल्या बायका परत आणायलाही हिंदूंनी मदत केली.

राहिला ‘मनातला द्वेष’. चाचांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आत्यालाही नाही. पण गल्लीत मांडव पडला आणि आपल्याला बोलावणं नाही, हे त्यांनी पाहिलंय. परवा ते दारावरून खाली मान घालून गेले. आत्या मला म्हणते, ‘बघ, बोललेसुद्धा नाहीत. मग मेसेजात लिहिलंय ते काय खोटं हाय का?’