तो ‘च’ माझा चुकला, काका

ऐरोलीकर काका, नमस्कार.

बहुव्यक्तिमत्त्व विकारावरच्या (एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं आलटूनपालटून पुढे येतात आणि मधला काळ त्याला आठवत नाही, तो आजार) माझ्या लेखाखाली तुम्ही सणसणीत लिहिलंत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. हा आजार अमेरिकेतल्या सिनेमांनी आणि डॉक्टरांनी मिळून जन्माला घातला, आपल्याकडे तो नाहीच. तुमची आत्या अष्टमीला घागर फुंकायची, तिच्या अंगात यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून ती घरादाराच्या पोळ्या लाटायची. आम्ही मानसोपचारवाले आता तिलाही रोगी ठरवणार. वर्षानुवर्षं चालणारे उपचार म्हणजे धंदा. ‘लहानपणी अत्याचार झालेलाच असतो’ असं लिहून मी तमाम आईबापांना पिंजऱ्यात उभं केलं. आणि जाता जाता पुतण्याच्या मुलीबद्दल एक ओळ. त्या ओळीकडे शेवटी येते. खरं तर तिच्यामुळेच हे उत्तर एवढं लांबलंय.

अत्याचाराच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. तो ‘च’ माझा चुकला. हे निदान झालेल्या बहुतेकांच्या बोलण्यात लहानपणी दीर्घकाळ झालेला छळ, लैंगिक अत्याचार किंवा टोकाची हेळसांड येते. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. कुणाच्या वाट्याला कोवळ्या वयात वारंवार शस्त्रक्रिया आलेल्या असतात, कुणाच्या वाट्याला युद्ध. आणि छळ झालेला असला तरी तो आईबापांनीच केला असं कुठे आहे? वाक्य काल रात्री दुरुस्त केलं.

आता अमेरिका. इथेही निम्मं तुमचंच खरं आहे. १९७३ साली हे निदान झालेल्या एका बाईवरचं ‘सिबिल’ हे पुस्तक आलं, १९७६ मध्ये त्यावर टीव्हीसाठी चित्रपट निघाला, १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली आणि मग तिकडे रुग्णांचा पूर आला. संमोहन करून, कधी सोडियम अमायटल या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन देऊन आठवणी ‘बाहेर काढणारे’ डॉक्टर होते. त्यातल्या काही आठवणी खोट्या निघाल्या, घरं मोडली, डॉक्टरांवर खटले झाले. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना सांगितलं, तुम्ही लहानपणी मॉलमध्ये हरवला होतात, तुमच्या घरच्यांनीच आम्हाला सांगितलं. तसं काही घडलेलं नव्हतं. तरी साधारण पाव जणांना ते थोडंफार ‘आठवू’ लागलं. नुसत्या सांगण्यानं एवढं होत असेल तर संमोहनात काय होईल? म्हणून आठवणी उकरायला मी संमोहन वापरत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

पण पूर आला म्हणून नदीच नव्हती असं कसं म्हणता येईल? फ्रान्समध्ये पिएर जाने या मानसशास्त्रज्ञांनी मनाच्या या तुटण्याबद्दल १८८९ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा सिनेमाही जन्मायचा होता. ‘हे निव्वळ सोंग आहे’ हीसुद्धा तपासून बघता येण्यासारखी गोष्ट आहे. सिमोन राइंडर्स या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ११ रुग्ण घेतले आणि १८ निरोगी माणसांना तीच भूमिका वठवायला शिकवलं. मग सगळ्यांची नाडी, रक्तदाब आणि मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. सोंग करणाऱ्यांना रुग्णांसारखे बदल आणता आले नाहीत. माणसं थोडी होती, हे मान्य. तरी ‘नाटक आहे’ म्हणणाऱ्यांना विचारात पाडेल एवढं त्यात नक्की आहे.

आपल्याकडे हे नाही म्हणता, तर १९८९ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ओपीडीतले असे तीन रुग्ण नोंदवले आहेत. तीनच, हेही सांगायला हवं. भारतात हे निदान विरळा होतं आणि बऱ्याचदा मनाची तीच तुटातूट ‘अंगात येणं’ म्हणून समोर येते, असं त्याच्याही आधीपासून आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञ लिहीत आलेत.

म्हणजे गाडी तुमच्या आत्याबाईंपाशी आली.

काका, आत्याबाईंना कुणीही रोगी ठरवणार नाही. डीएसएमच्या निकषांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे: समाजात सर्रास मान्य असलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक प्रथेचा भाग असेल तर हे निदान करायचं नाही. माझं माहेर कोकणातलं. उकडीचा मुखवटा केलेली महालक्ष्मी, उदाचा धूर, रात्र चढत जाईल तशी चढत जाणारी घागरीची फुंकर, ते सगळं मी मांडी घालून बघितलंय. ज्या काकूंच्या अंगात यायचं, त्यांना बायका रांगेनं प्रश्न विचारायच्या. एरवी त्या काकूंना घरात कुणी काही विचारत नसे, पण ते असो. सांगायचं हे की देवी अष्टमीला यायची, मखरासमोर यायची, उत्तररात्री जायची. काय घडतंय ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि काकूंचं त्यात काही बिघडत नसे.

तेच वारं मंगळवारी भरदुपारी रेशनच्या रांगेत यायला लागलं, नको असताना यायला लागलं, हातातलं काम सुटायला लागलं, तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्यासाठी वेगळं निदान आहे, आणि २०१३ च्या डीएसएम-५ नं ‘दुसरं कुणीतरी शिरल्याचा अनुभव’ बहुव्यक्तिमत्त्वाच्या व्याख्येतही घेतला. वारं कुणाचं, खंडोबाचं की देवीचं, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. ते कधी येतं, विचारून येतं का आणि गेल्यावर बाईच्या हाती काय उरतं, हे आम्ही बघतो.

आता एक मुलगी सांगते. तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून. सत्ताविसाची, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लाइननं कामाला जाणारी. माझ्याकडे आली ती विसरभोळेपणाची तक्रार घेऊन. आवाज बदलणं, डोळे फिरवणं, सिनेमातलं यातलं काहीही नाही. सकाळी ठाण्याला गाडीत बसली, उतरायचं होतं घणसोलीला, भानावर आली ती नेरुळच्या फलाटावर, आणि घड्याळात दुपारचे अडीच. पर्समध्ये मेणाच्या खडूंची नवी पेटी आणि तिची पावती. घरात लहान मूल नाही. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवलेला संदेश, जो आपण लिहिलाय हे तिला पटेना. असं कॉलेजपासून चालू होतं. लोक ‘खोटारडी’ म्हणायचे, म्हणून बिचारी ‘हो, विसरले’ म्हणायला शिकली होती.

माझ्या आधी दोन ठिकाणी तिला दोन वेगळी निदानं मिळाली होती. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मीही पहिल्या दिवशी काही ठरवलं नाही. आधी सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी झाली, कारण फेफऱ्याच्या एका प्रकारातही माणूस असाच काही काळ हरवतो. दारू, नशा, झोपेच्या गोळ्या यांची चौकशी झाली. मग २८ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. तिच्यात जास्त गुण पडले तरी निदान होत नाही, फक्त पुढे खोलात विचारायला हवं एवढं कळतं. पुढच्या मुलाखतींना काही महिने गेले. ‘तुझ्यात किती जणी आहेत?’ हे मी तिला एकदाही विचारलं नाही. असं विचारलं की माणूस मोजायला लागतो, आणि मोजता मोजता वाढतात.

विस्मरण किल्ल्या विसरण्याइतकं साधं नसतं, दिवसाचे तुकडेच गायब होतात. निदानात मी सगळ्यात जास्त भर त्यावर देते. एका माणसात पाच माणसं राहतात ही कल्पना चित्तथरारक आहे, पण तिनंच घोळ केला. १९९४ मध्ये नाव बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ केलं, तेव्हा डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचा मुद्दा हाच होता की या माणसांना एकाहून जास्त व्यक्तिमत्त्वं असणं ही अडचण नाही, एकसुद्धा धड नसणं ही आहे. (तुम्ही मित्राच्या मुलाचं उदाहरण दिलंय, त्याला असलेला स्किझोफ्रेनिया हा वेगळा आजार, काका. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘दुभंगलेलं मन’ असल्यामुळे गोंधळ होतो. त्याच्या गोळ्या चालू राहू देत.)

धंद्याबद्दल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तेव्हा मी फी घेते हे कबूल. वर्षं लागतात याचं कारण असं की या विकारावर अशी गोळी नाही. झोप, उदासी, घबराट यांच्यासाठी औषधं देतात, तुटलेलं जुळवायला देत नाहीत. उपचाराचे ढोबळमानानं तीन टप्पे असतात आणि सर्वांत जास्त वेळ पहिला खातो: माणूस जिवंत आणि सुरक्षित राहायला हवा. यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. त्या मुलीबरोबर पहिले आठ महिने आम्ही काय केलं? हरवतंय असं वाटलं की पाय जमिनीवर दाबायचे, हातावर गार पाणी घ्यायचं, स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचायचं. एक वही, जिच्यात ‘दुसरी’नंही लिहिलं तरी चालेल. खडू कुणी घेतले ते वहीतूनच कळलं. मनाच्या त्या भागाला हाकलायचं नसतं, त्याचे लाडही करायचे नसतात. दुपारी अडीचला नेरुळला जे झालं त्याची जबाबदारी सगळ्यांची मिळून. जुन्या जखमांकडे त्यानंतरच वळायचं, तेही बेतानं. सगळं एक होणं हा तिसरा टप्पा, आणि तो प्रत्येकाला गाठता येतोच असं नाही. ही मुलगी आज तीन वर्षांनी वेळेवर घणसोलीला उतरते. खडू अजून आहेत.

फी परवडत नसेल तर ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता ती ओळ. ‘आमच्या पुतण्याची पोरगीही मोबाइलवर बघून सांगते की माझ्यात चार जणी आहेत, दोन फटके दिले की चारही पळतील.’

काका, प्रतिक्रिया वाचून मी निदान करणार नाही. सोळा-सतराच्या वयात मोबाइलवर बघून एखादा शब्द उचलणं होतं, आणि पुष्कळदा त्यामागे दुसरंच काही दुखत असतं, ज्याला तिच्याकडे शब्द नसतो. क्वचित उचललेला शब्द बरोबरही निघतो. दोन्ही वेळा फटक्यांनी एकच साधतं: पुढच्या वेळी ती सांगणार नाही. पुतण्याला म्हणावं, चौघींची नावं विचारू नकोस, हसू नकोस, मोबाइलही लगेच हिसकावू नकोस. शाळेतून यायला उशीर झाला आणि का ते तिला सांगता आलं नाही, असं होतं का? वहीत अक्षर बदलतं का, झोपते किती, दंडावर-मनगटावर खुणा आहेत का? तारखा लिहून ठेव. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर तारखा लिहीत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

सायकिॲट्रिस्टना आधी दाखवा, कुणीही चालतील. त्यानंतर माझ्याकडे यायचं असेल तर बुधवारी दुपारी ठाण्यात नौपाड्याला असते. पहिल्या भेटीत मुलीशी मी एकटीशीच बोलते, वडिलांना अर्धा तास बाहेर बसावं लागेल, हे पुतण्याला आधीच सांगा. त्यावरून भांडणं होतात. खाली चहा बरा मिळतो.