पाच मांजरं, सहा टब आणि फिनेलची बाटली

कोल्हापुरात पाऊस लागला की चार-पाच मांजरं असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. एप्रिलमध्ये कुणाला जाणवत नव्हता तो मांजराच्या मुताचा वास जुलैत दारातच नाकात शिरतो. मग फिनेल ओतलं जातं, धूप फिरतो, कोपऱ्यात डांबरगोळ्या पडतात. माझं ठाम मत आहे, हे सगळं आजच बंद करा. याने वास जात नाही आणि मांजराच्या जिवाला धोका होतो.

काळ्या फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. मांजर पुसलेल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि ते सरळ पोटात जातं. पांढऱ्या फिनेलमधलं पाइन तेलही तसंच. डांबरगोळ्या आणि कापूर तर मांजराच्या घरात नकोच. ब्लीचचं वेगळं: मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा छातीत जाणारा विषारी वायू होतो.

पावसात वास का उठतो, हे कळलं की अर्धं काम झालं. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तो धुऊन आणि हवेने जातो. युरिक आम्लाचे खडे मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ते फरशीच्या सांध्यात, गादीत, लाकडात बसून राहतात. कोरड्या हवेत गप्प असतात, दमट हवेत पुन्हा वास सोडतात. त्यांना मोडायला एन्झाइमवालं क्लीनरच लागतं, ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं.

आता ते वापरायचं कसं, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. फवारा मारून लगेच पुसलं तर पैसे वाया. आधी कोरड्या फडक्याने दाबून मूत टिपायचं, घासायचं नाही. मग गार पाण्याने धुऊन पुन्हा टिपायचं. गादी किंवा सतरंजी असेल तर मूत जितकं खोल गेलंय तितकं खोल औषध गेलं पाहिजे, म्हणजे डागापेक्षा हातभर मोठा भाग चिंब करायचा. वर प्लॅस्टिक टाकून काही तास ओलं ठेवायचं, मग आपोआप वाळू द्यायचं. पावसाळ्यात पंखा लावून वाळायला दोन दिवसही लागतात. त्या जागी आधी साबण किंवा फिनेल लावलं असेल तर पाण्याने पूर्ण काढून टाका, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. जुना डाग सापडत नसेल तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च फिरवा, वाळलेलं मूत चमकतं.

पेठांतल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. तो चुनखडीचा दगड आहे, त्यावर व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड टाकलं की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या वेळी मूत आणखी मुरतं. खरा चोर म्हणजे दोन फरश्यांमधला सांधा. तो स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, नव्याने भरून घ्या.

मांजरांच्या शी-मुतासाठी ठेवायच्या टबांचा हिशेब सोपा आहे: जितकी मांजरं, तितके टब अधिक एक. पाचांना सहा. एका रांगेत लावलेले सहा टब मांजराच्या लेखी एकच जागा, म्हणून निदान तीन ठिकाणी विभागा. दुकानातले लहान ट्रे मोठ्या बोक्याला पुरत नाहीत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट टब हवा, म्हणजे साधारण ७० सें.मी. कपडे ठेवायच्या मोठ्या प्लॅस्टिक खोक्याची एक बाजू १२ सें.मी. उंचीपर्यंत कापली की झालं. मूत पडलं की गोळा धरणाऱ्या बेंटोनाइट मातीचा थर ५ ते ७ सें.मी. हवा. एवढ्या टबाला १२ किलोपेक्षा जास्त माती लागते, आणि इथेच लोक हात आखडतात. थर पातळ पडला की गोळा तळाला चिकटतो, फुटतो, आणि वास तिथून सुरू होतो. नदीची वाळू स्वस्त, पण तिचे गोळे होत नाहीत, मूत तळाशी साचतं. ती दोन-तीन दिवसांनी सगळीच बदलावी लागते. वखारीतला भुसा घेताना प्लायचा नको, त्यात डिंक असतो आणि धूळही फार.

गोळे दिवसातून दोनदा काढा. ती माती संडासात टाकू नका, फुगून पाइप तुंबतो. पिशवी बांधून घंटागाडीत द्या. तीन आठवड्यांनी टब रिकामा करून साध्या साबणाने धुवा. वर्षभराने टबच बदला, नखांच्या ओरखड्यांत वास मुरलेला असतो.

बोक्याची नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी. भिंतीवर मुताचे फवारे मारणं दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं. कौलांवरून येणारा बाहेरचा बोका दारावर फवारा मारून गेला की घरातलेही उत्तर देतात, म्हणून तो दरवाजा आणि खिडकीची चौकट रोज पुसा.

खाण्याचंही बघा. कोल्हापूरकरांना दुधाचं प्रेम, पण मोठ्या मांजराला म्हशीचं दूध बहुधा पचत नाही. पातळ शी होते, आणि तिचा वास कुठलीही माती झाकत नाही. रश्शात कालवलेला भातही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे.

आणि टब स्वच्छ असूनही एखादं मांजर बाहेर मुतायला लागलं तर त्याला मारू नका, डॉक्टरांना दाखवा. बोका पुन्हा पुन्हा टबात जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री घेऊन निघा.